पुंगुडुतीवची एकशे सत्त्याऐंशी मतं

राष्ट्राध्यक्षपदासाठी अडतीस उमेदवार उभे होते आणि नियमाप्रमाणे प्रत्येकाच्या मागे निदान एक तरी पोलीस द्यायचा होता. पहिल्या चौघापाचांमागे जीपगाड्यांचे ताफे लागले. बाकीच्यांसाठी ठाण्याठाण्यांतून शिपाई हुडकता हुडकता कोलंबोपासून लांब, कुरुनेगलजवळच्या एका ठाण्यातल्या प्रियंकर वत्तेगमच्या गळ्यात लोकुबंडा दोडंवेल पडले.

"हे कोण?" प्रियंकरने विचारलं.

"निशाणी कंगवा," ठाणेदार कागद बघत म्हणाले. "वय एकाहत्तर. भूगोलाचे मास्तर. तीस वर्षांपूर्वी दीड वर्ष खासदार होते. एक सदस्य वारले, त्यांच्या जागी यादीतला पुढचा माणूस म्हणून आत गेले. त्यानंतर कोणी नाव ऐकलेलं नाही."

"मग आता राष्ट्राध्यक्ष कशाला व्हायचंय त्यांना?"

"ते तू शोध. आणि आम्हालाही सांग."

दुपारी जेवणाच्या टेबलावर पैज लागली. एकदा खासदार झालेल्या माणसाला अपक्ष उभं राहता येतं, पण तो आपणहून उभा राहत नाही, त्याला कोणीतरी उभा करतं, यावर ठाण्यात कोणाचंच दुमत नव्हतं. उमेदवाराला प्रत्येक मतदान केंद्रावर आपली माणसं बसवता येतात, मोजणीच्या टेबलाशी बसवता येतात, वर सरकारी टीव्हीवर फुकटात बोलायला मिळतं. मोठ्यांपैकी कोणी असा एखादा अपक्ष पाळला, की ही सगळी सोय त्याच्या पदरात. तेव्हा हा म्हातारा कोणाच्या खिशातला, एवढाच काय तो प्रश्न. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना कोंबडी-भात घालायचा असं ठरलं. प्रियंकरनेही एका बाजूवर आपलं नाव लावलं आणि तो निघाला.

घर नारळीच्या वाडीत होतं. दारात ना मांडव, ना फलक, ना माणसं. एक जुनी मॉरिस मायनर उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते.

"दोडंवेल महत्तया आहेत का?" सिंहलीत साहेबांना म्हणतात तसं प्रियंकरने विचारलं.

"पाय त्यांचेच आहेत," ओट्यावर खोबरं खवणारी बाई म्हणाली. "बाकीचे येतील मागनं. बसा, राळहामी." पोलिसाला तिकडे राळहामी म्हणतात.

बाकीचे आले. बुटके, तुळतुळीत टकलाचे, हाताला काळं तेल लागलेले. त्यांनी प्रियंकरच्या बिल्ल्याकडे पाहिलं, मग पिस्तुलाकडे, आणि वर्गात उशिरा आलेल्या एखाद्या मुलाला म्हणावं तसं म्हणाले, "ये, पुता. जेवलास?"

बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, बिसोमेनिके. त्यांनी शिरवाळ्या आणि खोबऱ्याची लालभडक चटणी पुढे ठेवली आणि आपलं गाऱ्हाणं पोलिसापुढे मांडायची संधी साधली.

"बघा हो. यांच्या डोक्यावर एक केस नाही आणि निशाणी काय, तर कंगवा."

"मी मडकं मागितलं होतं," मास्तर म्हणाले. "ते आणखी एकाने मागितलं. चिठ्ठ्या टाकल्या, त्याला लागलं. उरल्यात कंगवा, कात्री आणि बेडूक होता."

"बेडूक घ्यायचा! त्याला आवाज तरी असतो."

प्रचाराचं म्हणाल, तर मास्तर आठवडी बाजारात जायचे, कंगवा छापलेलं पत्रक लोकांच्या हातात द्यायचे आणि भाषण करण्याऐवजी प्रश्न विचारायचे. तुम्ही मत कसं ठरवता? घरात सगळ्यांचं एक असतं का? ठरवलेलं कधी ऐनवेळी बदललंत का? लोक हसायचे. एक वांगी विकणारी बाई म्हणाली, "आधी वांगी घ्या, मग सांगते." सांगितलं तिने काहीच नाही, पण चार दिवस घरात वांगीच शिजत होती.

प्रियंकर डोळे उघडे ठेवून होता. कोणती गाडी येते, कोणाचा फोन येतो, कोण पाकीट देऊन जातं. चार दिवसांत आला तो एक विम्याचा एजंट आणि एक शेजारी, ज्याची म्हैस सुटली होती. अनामत रकमेचे पंच्याहत्तर हजार रुपये कुठून आले, तेही बिसोमेनिकेंनी न विचारता सांगितलं. परसातला सागवान विकला होता.

शेवटी त्याने सरळच विचारलं, "सर, तुम्ही उभे का राहिलात?"

"तीस वर्षं मुलांना शिकवलं, की लोकशाहीत साध्या माणसाला उभं राहता येतं. खरं आहे का, ते बघावं म्हटलं."

दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, "ही म्हणाली, उभे राहू नका. म्हणून."

"मी म्हटलं होतं, छपरावर चढू नका," आतून आवाज आला. "ते मात्र ऐकलं."

उत्तरं रोज वेगळी होती आणि एकही पटत नव्हतं. प्रियंकरला पैजेपेक्षा आता याचीच रुखरुख लागली. माणूस वेडा नव्हता. बोलणं सरळ, हिशेबी. आपण जिंकणार नाही हे त्यांना बायकोपेक्षाही पक्कं ठाऊक होतं. मग सागवान विकण्यापर्यंत मजल कशाने गेली?

पाचव्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, "उद्या पहाटे उत्तरेला निघू. पुंगुडुतीवला."

"म्हणजे नागदीपच्या बौद्ध मंदिराच्या यात्रेला?"

"नाही. त्याच्या अलीकडे उतरायचं."

"अलीकडे काही नाही, सर. यात्रेच्या बसगाड्या त्या बेटावरून सरळ होडीच्या धक्क्यापर्यंत जातात. मध्ये कोणी उतरत नाही."

"म्हणूनच," मास्तर म्हणाले.

मॉरिस चाळिसाच्या वर जात नव्हती. सायकलवाले सोडून सगळे तिला मागे टाकत होते. दंबुल्ल गेल्यावर मास्तरांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढून प्रियंकरच्या मांडीवर टाकला. पाच वर्षांपूर्वीचा निकाल होता. तेव्हा कुठे प्रियंकरला कळलं, की हे गृहस्थ मागच्या वेळीही उभे होते.

"आपला मतदारसंघ बघ. किती?"

"चौऱ्याण्णव."

"त्यात माझे विद्यार्थी, भाचे, पुतणे, सगळे आले. आता खाली उत्तरेकडची बेटं बघ."

प्रियंकरने बोट खाली नेलं. "एकशे सत्त्याऐंशी?"

"मी तिथे जन्मात पाऊल टाकलेलं नाही. मला तमिळ येत नाही. माझं नाव तिथे कुत्र्यालाही माहीत नाही. मोजणीला बसलेला माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, त्यातली बहुतेक एकट्या पुंगुडुतीवच्या पेट्यांतून निघाली. कोण ही माणसं?"

"चुकून पडली असतील."

"सत्त्याऐंशी चुकून पडतील, पुता. एकशे सत्त्याऐंशी?"

"शंभर जण जास्त चुकले असतील."

मास्तर इतके हसले, की गाडी कडेच्या खडीवर गेली. मग डोळे पुसत म्हणाले, "असंही असेल. पण मला कळायला हवं."

"त्यासाठी राष्ट्राध्यक्षपदाला उभं कशाला राहायचं? सुट्टीत जाऊन विचारायचं."

"मागच्या निवडणुकीत मला मत दिलंत का, असं दारोदार विचारत फिरणाऱ्या म्हाताऱ्याला लोक काय समजतील? उमेदवाराचं तसं नसतं. त्याला कोणाच्याही दारावर थाप मारता येते. देशात तेवढा एकच माणूस असतो, ज्याला हे शोभतं."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच असं नाही," मास्तर म्हणाले आणि पुढे वव्हुनिया येईपर्यंत रस्त्यावर नजर ठेवून गाडी हाकत राहिले. तिथे चहा पिताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तमिळ येणारा शिपाई द्या, असा अर्ज त्यांनी मुद्दाम केला होता. म्हणून प्रियंकर.

प्रियंकरने मान खाली घातली. वव्हुनियाच्या तपासणी नाक्यावर त्याने तीन वर्षं काढली होती, हे खरं. कागदोपत्री त्याला तमिळ येत होतं. ऐकून ऐकून बरंचसं कळायचं, पण बोलता येत होतं ते जेमतेम एवढं: थांबा. उतरा. ओळखपत्र दाखवा. पिशवी उघडा. कुठून आलात? कुठे चाललात? जा.

पुंगुडुतीवला ते दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. समुद्रातून जाणारा लांबलचक बांध ओलांडला, की दोन्हीकडे ताडाची झाडं आणि घरं. निम्म्या घरांना छप्पर नव्हतं, आतून झाडं उगवलेली. माणसं युद्धात गेली होती, नाहीतर परदेशी. मागे राहिलेल्यांची दारं मात्र झाडलेली, सारवलेली होती. पहिल्याच दारावर मास्तरांनी थाप मारली आणि नमस्कार करून प्रियंकरला म्हणाले, "विचार यांना, मागच्या निवडणुकीत त्यांनी मला मत दिलं होतं का."

प्रियंकरने विचारलं. दारातला माणूस तडक आत गेला आणि घरातल्या पाचही जणांची ओळखपत्रं घेऊन आला. ती त्याने पत्त्यांसारखी हातात पसरून पुढे धरली.

"तू काय विचारलंस?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत तेच."

"मग ते ओळखपत्रं का दाखवतायत?"

प्रियंकरचे कान तापले होते. त्या माणसाचा हात किंचित कापत होता आणि तो हात आपल्या गणवेशाकडे बघून कापतोय, हे त्याला दिसत होतं. नाक्यावर असे शेकडो हात त्याच्यासमोर आले असतील. तेव्हा त्याने कार्डं बघितली होती, हात कधी बघितले नव्हते.

चौथ्या घरापर्यंत बातमी त्यांच्या पुढे धावली. दारं लागली. दुपारी दोघं रस्त्यावरच्या एकुलत्या एका चहाच्या दुकानात येऊन बसले. मालक रासय्या तरुणपणी कोलंबोत एका खानावळीत होता, मोडकंतोडकं सिंहली बोलायचा. त्याने कोरा चहा आणि सोबत ताडगुळाचे खडे ठेवले.

"अय्या, रागावू नका," तो मास्तरांना म्हणाला. सिंहलीत अय्या म्हणजे मोठा भाऊ, तमिळमध्ये अय्या म्हणजे साहेब. तो कुठल्या भाषेत म्हणाला, ते त्यालाच ठाऊक. "या गावात मत विचारायला पोलीस घेऊन आलात? त्यापेक्षा लाउडस्पीकर लावून सांगायचं होतं, की कोणी बाहेर येऊ नका."

"मग काय करू?"

"यांचे कपडे काढा."

प्रियंकर दचकला. मग हसला. संध्याकाळी त्याने मास्तरांचं एक चौकड्याचं सारोंग नेसलं, पिस्तूल सैल शर्टाखाली दडवलं, आणि रासय्याने त्याची शिकवणी घेतली.

"तू म्हणतोस 'वा'. म्हणजे 'ये'. कुत्र्यालाही तेच म्हणतात. आम्ही म्हणतो 'वांगो'. इरुंगो, बसा. सोल्लुंगो, सांगा. शब्दाच्या शेवटी तेवढं 'ंगो' लाव."

"एवढंच?"

"एवढंच. तीन वर्षांत कोणी सांगितलं नाही?"

कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्याने कोणाला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी 'ंगो'ने कमाल केली. दारं उघडली, ओसरीवर चटया पडल्या. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ इकडतिकडचं बोलून मग हळूच म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो. मला तुमच्या वरच्याला द्यायचं होतं. कागद हातभर लांब आणि माझा चष्मा फुटलेला. पाच वर्षं कोणाला बोललो नाही. आता दुरुस्त होईल का ते?"

मास्तरांनी अत्यंत गंभीरपणे सांगितलं, की आता नाही होणार.

दुसरा एक मासेमार जाळं विणता विणता म्हणाला, "मोठ्यांपैकी एकाने आमचं वाटोळं केलं. दुसरा बघत बसला. तुम्ही कोण, ते मला माहीत नव्हतं. तेवढं मला पुरलं."

अशी सात-आठ माणसं भेटली. मास्तरांच्या चेहऱ्यावर परीक्षेचा पेपर सोपा आलेल्या मुलासारखा आनंद होता. "म्हणजे काही चूक, काही राग. पण एवढ्याने बेरीज होत नाही, पुता. अजून कोणीतरी आहे."

"मग तवमणीकडे जा," रासय्या म्हणाला. "ताडाच्या पात्यांच्या टोपल्या विणणाऱ्या बायकांचा संघ आहे, त्याची ती प्रमुख. त्या छपराखाली बोललं जातं, तेच गाव करतं."

छप्पर मोठं होतं. खाली वीस-पंचवीस बायका पाय पसरून विणत बसल्या होत्या. मधोमध बसलेली साठीची बाई नाकावरच्या चष्म्यातून मास्तरांकडे बघत राहिली. मग हातातलं पातं बाजूला ठेवून शेजारणीला काहीतरी म्हणाली, आणि ते शब्द ओळीने शेवटच्या बाईपर्यंत गेले.

"काय म्हणाली?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणते, हे ते थांबलेले अय्या."

"थांबलेले?"

तवमणीने बसायला सांगितलं आणि प्रियंकरकडे वळून म्हणाली, "तंबी, मी हळू बोलते. तू नीट सांग त्यांना." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. प्रियंकरला या भाषेत आजवर कोणी तंबी म्हटलं नव्हतं.

ती सांगत गेली. पाच वर्षांपूर्वी सगळे उमेदवार टीव्हीवर आले. सिंहलीत बोलायचे. आम्हाला कळत नव्हतं, पण विणता विणता बघत होतो. सगळे ओरडत होते, बोटं नाचवत होते. एक दिवस हे आले. कागद वाचत होते. वाचता वाचता मध्येच थांबले. कागदाकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. कितीतरी वेळ काही बोलेचनात. आम्हाला वाटलं, टीव्ही बिघडला. "माझा नवरा इथल्या शाळेत मास्तर होता. वर्गात एखादी गोष्ट आली नाही, तर तो असाच थांबायचा. मग म्हणायचा, बघून येतो, उद्या सांगतो. मी म्हटलं, न येणारी गोष्ट न येणारी म्हणून दाखवणारा हा एकच दिसतोय. मी यांना दिलं. आमच्या बायकांनी दिलं. त्यांनी घरी सांगितलं."

मास्तर हात मांडीवर ठेवून ऐकत होते. तवमणी पुढे झुकली. "पाच वर्षं मला विचारायचंय. थांबलात, त्यानंतर काय बोलणार होतात?"

प्रियंकरने प्रश्न सिंहलीत सांगितला.

"तिला सांग," मास्तर म्हणाले, "तो कागद माझा नव्हता. एका मोठ्या उमेदवाराची दोन माणसं माझ्याकडे आली होती. अनामत त्यांनी भरली. मला वर पैसे दिले. माझ्या नावाने मतदान केंद्रावर त्यांची माणसं बसली. टीव्हीवर त्यांचं लिहिलेलं वाचायचं होतं, त्यांच्या विरोधकाला शिव्या. पाचव्या ओळीत मला माझीच लाज वाटली, म्हणून थांबलो. मग पुन्हा वाचायला लागलो आणि शेवटपर्यंत वाचलं. सांग तिला. मी खोटा उभा होतो आणि त्यांची मतं मात्र खरी पडली. त्या निकालाचा कागद मी पाच वर्षं बघतोय. एकदा त्या मतांच्या लायकीचं उभं राहून बघावं, म्हणून या वेळी उभा राहिलो."

प्रियंकरच्या ध्यानात आलं. म्हणजे ठाण्यातली पैज बरोबर होती, फक्त पाच वर्षांनी शिळी. समोर पंचवीस बायका त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. काहीही सांगता आलं असतं. चक्कर आली होती म्हणतायत, चष्मा पडला होता म्हणतायत. मास्तरांना कळलं नसतं, बायकांना कळलं नसतं. त्याने मास्तरांकडे पाहिलं. ते त्याच्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते.

त्याने सांगितलं. शब्द अपुरे होते. 'लाज' या शब्दाला तमिळमध्ये काय म्हणतात ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने चेहरा दोन्ही हातांनी झाकून दाखवला. पैसे, दुसऱ्याचा कागद, खोटं, एवढं त्याला येत होतं. नाक्यावर हे शब्द लागायचे.

विणणं थांबलं. कोपऱ्यातली एक बाई मोठ्याने काहीतरी कडू बोलली आणि उठून चालती झाली. तिच्यामागे आणखी दोघी गेल्या. तवमणी बसून राहिली.

"त्यांना विचार, त्या पैशांचं काय केलं?"

"घराचं छप्पर केलं," मास्तर म्हणाले. "अजून गळतं."

हे कळल्यावर एक जण फिसकन हसली, मग दुसरी. तवमणी हसली नाही. "न सांगता मतं मिळाली असती तुम्हाला. या वेळीही मिळाली असती. एवढ्या लांब हे सांगायला आलात?"

"विचारायला आलो होतो. सांगावं लागेल, हे वाटेत कळलं."

ती उठली, त्यांना मागच्या विहिरीवर घेऊन गेली, पोहरा ओढला आणि ओंजळीत पाणी ओतलं. मास्तरांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मचूळ, खारट पाणी.

"गोडं पाणी टँकरने येतं. आठवड्यातून दोनदा, तेही आलं तर. या वेळी टीव्हीवर काय बोलणार आहात?"

"ठरवलेलं नाही. पण बाई, मी निवडून येणार नाही. हे माझ्या हातून सुधारणार नाही."

"मोजता मलाही येतं, अय्या. निवडून या, असं मी म्हटलेलंच नाही. चव घेतलीत ना? मग चव सांगा. दुसऱ्याचा कागद वाचू नका."

पुढच्या आठवड्यात मास्तर टीव्हीवर आले. ठाण्यात सगळे टीव्हीपुढे बसले होते. मास्तरांनी आधी मागच्या वेळच्या कागदाची हकिगत सांगितली, फक्त त्या मोठ्या उमेदवाराचं नाव घेतलं नाही. म्हणाले, घेणारा मी होतो, तेव्हा नाव माझंच पुरे. मग पुंगुडुतीवच्या पाण्याची चव सांगितली. ती सांगताना ते दोनदा अडखळले आणि एकदा चांगले पाच सेकंद थांबले. शेवटी तमिळमध्ये एक वाक्य बोलले: उरलेलं तुम्ही सांगा. 'सोल्लुंगो' त्यांनी इतकं जोर देऊन म्हटलं, की स्टुडिओबाहेर उभ्या असलेल्या प्रियंकरच्या मिशीत हसू आलं. इकडे ठाण्यात पैज कोण जिंकलं यावर वाद झाला. मिटला नाही तेव्हा ज्याने त्याने आपापला कोंबडी-भात खाल्ला.

निकालाचा कागद सकाळी सातला आला. मास्तर ओट्यावर चष्मा लावून बसले होते. त्यांचा स्वतःचा मतदारसंघ: एकशे एकतीस. बेटं: एकेचाळीस.

प्रियंकरला वाईट वाटलं. "सर, खरं सांगितलंत आणि एकशे सेहेचाळीस गेली."

"गेली नाहीत. ती माझी नव्हतीच," मास्तर म्हणाले. "ही एकेचाळीस मात्र मला ओळखतात. तवमणीला फोन लाव."

तवमणी फोनवर मोठ्याने बोलायची, समुद्रापलीकडे ऐकू जावं तशी. "एकेचाळीस? त्यातली एकोणीस आमच्या छपराखालची, मला माहीत आहेत. उठून गेलेल्या तिघींनी नाही दिलं. राग आहे त्यांना. मी म्हटलं, ठेवा. पण तंबी, बाकीचे बावीस कोण?"

प्रियंकरने विचारलं. मास्तरांनी हात उडवले.

"राहू द्या," तवमणी म्हणाली. "मी बघते." आणि फोन ठेवला.

बिसोमेनिके गरम शिरवाळ्यांचं ताट घेऊन आल्या. मास्तर कागदावर बोट ठेवून हिशेब करत होते. "आपल्या गावातली सदतीस वाढली. त्यातलं एक तुझं धरलं..."

"माझं धरू नका," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे मी तुम्हाला दिलं नाही."

मास्तरांनी चष्मा काढला. "मागच्या वेळी?"

"मागच्या वेळीही नाही."

"का पण?"

"मतदान गुप्त असतं. तुम्हीच शिकवायचात शाळेत." त्यांनी प्रियंकरच्या ताटात चटणीचा आणखी एक गोळा वाढला. "खा, राळहामी. आज तुमची ड्यूटी संपली म्हणे."

प्रियंकर खात राहिला. मास्तर पुन्हा पुन्हा बायकोकडे बघत होते आणि ती खुशाल मागच्या दाराने गोठ्याकडे निघून गेली. थोड्या वेळाने तेही उठले, चपला घालायच्याही राहिल्या, आणि "बिसो, अगं ऐक तर, कोणाला दिलंस तेवढं तरी सांग," असं म्हणत तिच्या मागे गेले. साडेआठच्या बसला अजून अर्धा तास होता. प्रियंकरने ताट उचलून विहिरीवर नेलं, धुतलं आणि पालथं घालून ठेवलं.